ऑनलाइन म्युझियम बघायला गेलं की दहा मिनिटात कंटाळा येतो, लोकांना त्या चित्रांत नेमकं काय दिसतं?

तुम्ही लिहिलंय की परभणीत राहता, परदेशातली म्युझियम काही बघणं होणार नाही म्हणून मोबाईलवर टूर सुरू केली, बाण दाबून दाबून बोट दुखलं आणि चित्र एकही लक्षात राहिलं नाही. माझंही सेम झालेलं. मी एकदा छताकडं तोंड करून अडकले, एकदा आग विझवायच्या सिलेंडरपाशी जाऊन थांबले, आणि काही चित्रं कॉपीराइटमुळं मुद्दाम धूसर करून ठेवलेली असतात हे माहीतच नव्हतं, मी आपली नेटला शिव्या घालत बसलेली. म्हणून आधी ते फिरणं सोडून द्या. दालनातून चालायची मजा मोबाईलवर येत नाही म्हणजे नाही.

आणि खरं सांगू का, प्रत्यक्ष गेल्यावर तरी आपण काय बघतो? मी उदगीरची, आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, लहानपणी मामाकडं गेलं की सालारजंग म्युझियम ठरलेलं. तिथं युरोपातल्या चित्रांची दालनं आहेत पण आम्ही ती पळतच पार करायचो, कारण बारा वाजत आलेले असायचे आणि सगळ्यांना ते घड्याळ बघायचं असायचं ज्यातला छोटा माणूस बाहेर येऊन ठोके देतो. बाराला ठोके सगळ्यात जास्त ना. चित्रं भिंतीवर होती एवढंच आठवतंय.

तर मी नंतर काय केलं, एकच चित्र धरलं आणि आठ दिवस तेच बघितलं. रोज रात्री जेवणं झाल्यावर, दिवसाचा उरलेला डाटा संपवायला. गुगल आर्ट्स अँड कल्चर, म्हणजे गुगलची म्युझियममधली चित्रं दाखवणारी साइट, २०११ ला आर्ट प्रोजेक्ट म्हणून १७ म्युझियम घेऊन सुरू झालं तेव्हा प्रत्येक म्युझियमनं आपलं एक चित्र अगदी बारीकसारीक दिसेल असं फोटो काढून दिलं होतं, त्यात न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचं होतं पीटर ब्रूगेल या चित्रकाराचं 'द हार्वेस्टर्स', १५६५ चं. म्हणजे सुगी. पिवळाधम्मक गहू, काही जण कापायलेत, बाकीचे झाडाखाली बसून जेवायलेत, एक गडी तंगड्या पसरून चक्क घोरतोय.

पहिले दोन दिवस मला यात काही विशेष वाटलं नाही. मग आई शेजारी येऊन बसली, तिचं सगळं आयुष्य शेतात गेलेलं, ती म्हणाली, "ह्यांचं बरंय, उभ्यानंच कापायलेत, आपली कंबर जाती." मी बघितलं तर खरंच, त्यांच्या हातात लांब दांड्याची कोयती, आपल्यासारखा विळा नाही. नंतर म्हणाली, "पेंढ्यांवर बसायलेत बघ, दाणे झडतील की!" आणि मग डाव्या कोपऱ्यात बोट ठेवून, "अन् ते गव्हात मडकं कुणी ठिवलंय?" मला दोन दिवसात ते दिसलंच नव्हतं. उभ्या पिकाच्या सावलीला पाणी गार राहावं म्हणून ठेवतात तसं ठेवलेलं, आमच्या रानात पण असंच ठेवायचे. मडक्यात पाणीच आहे का दुसरं काही ते ब्रूगेलला माहीत, पण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला सावलीची किंमत बरोबर कळलेली. आता तुम्हीच सांगा, आईला चित्रकलेतलं काय कळतं? काहीच नाही. तिला सुगी कळते.

झूम करत मागं मागं गेलं की अजून बरंच निघतं. दूर एका मोकळ्या जागेत गावातले लोक बांधून ठेवलेल्या कोंबड्याला काठ्या फेकून मारायलेत, तो त्या वेळचा खेळ होता, तळ्यात कुणी पोहतंय, एक जण झाड हलवून फळं पाडतोय. चित्र जवळजवळ चार फूट बाय सव्वापाच फूट आहे, समोर उभं राहून साध्या डोळ्यांनी ते कोंबड्याचं दिसणं अवघड, स्क्रीनवर मात्र आरामात दिसतं. इथं मोबाईल जिंकतो.

हरतो कुठं तर आकारात. ॲमस्टरडॅममधलं, रेम्ब्रांट या चित्रकाराचं 'नाइट वॉच' मी असंच उघडलं, काळपट गर्दी दिसली, बंद केलं. नंतर वाचलं की ते साडेबारा फूट उंच आणि पंधरा फूट रुंद आहे, आमच्या हॉलची अख्खी भिंत पुरायची नाही! त्यामुळं आता आधी आकार बघते. व्हर्मीर या चित्रकाराची दूध ओतणारी बाई तिथल्याच राइक्सम्युझियममधे आहे, ती जेमतेम दीड फुटाची, लॅपटॉपवर अगदी बरोबर बसते, आणि तिच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर एक खिळा आहे, त्याची सावली पण काढलीय, तो शोधा. आणि हो, मोबाईलचा आय कम्फर्ट मोड बंद करा. मी आठवडाभर सगळं पिवळं बघून युरोपातलं ऊन किती भारी असं म्हणत होते.

मेटनं २०१७ पासून जुन्या चित्रांचे फोटो फुकट डाउनलोडला ठेवलेत. ते सुगीचं मी फ्लेक्सच्या दुकानात नेलं, खऱ्या आकारात छापून द्या म्हणलं, तर तो पोरगा म्हणतो, "ताई, फोटो कुणाचा टाकायचा अन् शुभेच्छुक कोण कोण?" छापलं शेवटी. जवळून थोडं फुटतं, पण हॉलमधे सोफ्यावर बसून बघितलं की कळतं की ब्रूगेलनं जेवणारी मंडळी एवढी पुढं का आणलीत, तुम्ही त्यांच्या पंगतीतच बसल्यासारखं होतं.

ब्रूगेलनं वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंची अशी मालिका काढली होती, त्यातली पाच उरलीत, एक न्यूयॉर्कला, तीन व्हिएन्नाला, एक प्रागला. विमानानं बघायची तर तीन देश. आम्ही एका संध्याकाळी चहा घेत पाचही बघितली. व्हिएन्नाचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र सगळ्यात प्रसिद्ध, मला तर फार आवडलं. आईनं बराच वेळ बघून म्हणलं, "तिघं जण, एवढी कुत्री, अन् हाती लागलं एक कोल्हं. जाऊ दे, सुगीचंच लाव."