डिसेंबरात लावलेली जास्वंदीची काडी दरवेळी कुजते, नागपुरात काय करावं?

काडीचा दोष नाही, मातीचा गारवा नडतो. जास्वंदीला मुळं फुटायला माती साधारण 22 ते 25 अंश उबदार लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा कित्येकदा 10 च्या आसपास उतरतो. गार, ओल्या मातीत मुळांआधी बुरशीच येते. त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ती कलमाला नकोच. अर्धी जाड रेती, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. ना कोवळी ना जून अशी 5-6 इंचांची काडी गाठीखाली (जिथून पान फुटतं त्याच्या खाली) कापा, वरची दोनच पानं ठेवा, कळ्या खुडा. कुंडीवर पारदर्शक पिशवी घाला आणि रात्री कुंडी घरात घ्या. घाई नसेल तर पाऊस लागल्यावरच लावा. जुलैतल्या काड्या माझ्याकडे महिन्याभरात धरतात. आणि मुळं आली का म्हणून उपटून बघू नका हो, कोवळी मुळं तुटतात.