सात ते पावणेआठ हा रकाना खोडून टाक

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्यासाठी तू केलेले वेळापत्रक मिळाले. गणित, भाषा आणि परिसर अभ्यास यांची आखणी तू विचारपूर्वक केली आहेस आणि त्यातले मला फारसे कळतही नाही. पण ‘सकाळी ७ ते ७.४५ : शारीरिक शिक्षण’ या रकान्याविषयी बोलण्याचा अधिकार, सारी नोकरी मैदानावर काढलेल्या माणसाला असावा, असे समजून लिहिते. तुझी तक्रार अशी की, दिवसभर गच्ची आणि जिना एक करणारा तुझा आठ वर्षांचा मुलगा नेमक्या या पाऊण तासात पोट दुखते म्हणून बसून राहतो आणि अकरा वर्षांची मुलगी हात वर, हात खाली एवढे उरकून घड्याळाकडे बघत राहते. मुलांमध्ये काही खोट नाही. खोट त्या रकान्यात आहे.

शाळेत पी.टी.चा तास मुलांना आवडतो, याचे बरेचसे श्रेय इतर तासांना जाते, हे मी शिकवत असतानाही मनातून जाणून होते. सकाळपासून बाकावर बसलेल्या मुलाला मैदानावर सोडले की ते नुसते धावले तरी खूश असते आणि त्याच्याबरोबर आणखी चाळीस जण धावत असतात. तुझ्या घरी बाकही नाही आणि चाळीस जणही नाहीत. मग त्या तासाचे उरते काय, तर शिट्टी, रांग आणि हुकूम; आणि तेवढेच तू घरी आणले आहेस. माझ्या मते खेळाची गोडी दोन गोष्टींतून येते : डाव किती अवघड ठेवायचा हे मुलाच्या हाती असणे आणि खेळायला भिडू असणे. किती लांब उडी मारायची हे मूल स्वतः ठरवते तोवर तो खेळ असतो. तू ठरवलेस की ते तुझे काम होते, आणि मूल ते तुझ्यावर उपकार केल्यासारखे करते.

व्यायाम पुरेसा होतो की नाही हे मोजायचे कसे, असे तू विचारले आहेस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल व्हावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस चांगली दमवणारी, तसेच स्नायू आणि हाडे बळकट करणारी हालचाल त्यात असावी. हा हिशेब आठवड्याच्या सरासरीचा आहे. तो एका बैठकीत संपवायचा नसतो आणि रोज सारखाही यावा लागत नाही. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ नको. खेळताना मुलाला बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम हालचाल. दोनचार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस.

आता लगोरीकडे वळते, कारण एका खेळातून किती साधता येते हे तिच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. बाजारातला लाकडी संच आणू नकोस. जवळपास कुठे बांधकाम चालू असेल तिथून शहाबादी फरशीचे तुकडे मागून आण, मुलांना त्यांतले सात निवडू दे आणि कडा दगडावर घासून बोथट करू दे. कोणता तुकडा खाली आणि कोणता वर, मधला डगमगतो तो का, यातच त्यांचा एक तास जाईल आणि त्या तासात ती किती वेळा उठली-बसली हे तुला मोजावे लागणार नाही. मग डाव सुरू झाला की नेम, वाकणे, वळसा घेऊन पळणे, चेंडू चुकवणे आणि धाप लागलेली असताना स्थिर हाताने लगोरी रचणे, हे सारे आपोआप घडते. घरी तुम्ही तिघेच आहात, म्हणून एकाने फोडायची आणि रचायची, दोघांनी चेंडू सांभाळायचा. एकट्याला सात जड जातात हे दुसऱ्याच डावात लक्षात येईल. तिथे तू तोडगा सुचवू नकोस. पाचच ठिकऱ्या ठेवायच्या, की चेंडूवाल्यांनी डाव्या हाताने मारायचे, की रचणाऱ्याला एक जीव जास्त द्यायचा, यावर भावंडे भांडतील, भांडू दे. नियम त्यांनी केला की तो पाळलाही जातो, आणि आई वाटेल तेव्हा नियम बदलते ही तक्रारही राहत नाही.

भिडूंचा प्रश्न मात्र घरात सुटणार नाही. तुझ्या मुलांची सकाळ मोकळी असते, पण कॉलनीतली बाकीची मुले तेव्हा शाळेत असतात, मग क्लासला जातात आणि साडेपाचनंतर कुठे खाली उतरतात. तेव्हा तुझ्या वेळापत्रकात साडेपाच ते सात या वेळेवर कशाचीही सावली पडू देऊ नकोस, अगदी वाचनाचीही नाही. ठिकऱ्या घेऊन तुझी मुले खाली गेली की बाकीची आपणहून गोळा होतील, हात उलटेपालटे करून चकतील आणि राज्य कोणावर ते ठरवतील. तुझा मुलगा मोठ्यांत लहान पडेल, म्हणून ती त्याला लिंबूटिंबू करतील. त्याला ते आवडणार नाही. तरीही मध्ये पडू नकोस. बाद न होता मोठ्यांबरोबर पळायला मिळणे हा लहान भिडूचा मोठा लाभ आहे आणि तो पक्का गडी कधी झाला हे मुलेच ठरवतात. कठड्याशी उभे राहून सूचना देणाऱ्या आयांना मी फार पाहिले आहे. तू आपली चहा घेत घरात बस.

सकाळ मग कशासाठी, तर ज्या जागी इतरांना रविवारीच जाता येते तिथे गर्दी नसताना जाण्यासाठी. घरी शिकवण्याचा हा खरा फायदा आहे आणि नाशिकमध्ये राहून तो घेतला नाही तर दुसरीकडे कुठे घेणार? पांडवलेणी गावाला लागूनच आहेत आणि चढायला पायऱ्या दोनशेच्या आसपास. पहिल्या वेळी नुसते चढा. पुढच्या वेळी मुलाला मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायला शिकव, पायथ्याशी एकदा आणि वर पोहोचल्यावर एकदा. दोन आकड्यांतला फरक तो वहीत स्वतः लिहील आणि महिन्याभराने तो फरक कमी होताना पाहून त्याला जो आनंद होईल, तो तुझ्या शाबासकीने होणार नाही. वर २४ लेणी आहेत. मुलीला त्यांतले ३ क्रमांकाचे लेणे आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख दाखव, दम खायला तेवढे निमित्त पुरते. उतरताना मात्र लक्ष ठेव. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे, कारण उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार धरून ठेवतो. पावले छोटी, गुडघे किंचित वाकलेले, उड्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांग.

पांडवलेणी अंगवळणी पडली की हिवाळ्यात आशेवाडीचा रामशेज करावा. १६८२ मध्ये मुघलांनी वेढा घातल्यावर मूठभर शिबंदीने काही वर्षे लढवलेला हा किल्ला आहे आणि मुलांना गोष्टीसकट चढायला आवडतो. हरिहर किल्ल्यावर एवढ्यात नेऊ नकोस. त्या उभ्या पायऱ्या फोटोत छान दिसतात, पण सुटीच्या दिवशी तिथे वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांत अडकतात, आणि लहान मुलाला त्या गर्दीत भीतीखेरीज काही शिकायला मिळत नाही.

पावसाळ्यात बाहेर पडणे होत नाही, अशी तुझी आणखी एक अडचण आहे. आपल्या मंगळागौरीचे खेळ त्यासाठीच असावेत, असे मला नेहमी वाटते. बसफुगडी दोन मिनिटे घालून बघ. बैठका मारायला कंटाळणारी मांडी तिथे तक्रार न करता काम करते, शिवाय तोल सांभाळावा लागतो आणि समोरच्यावर भरवसाही ठेवावा लागतो. मुलालाही घाल, फुगडी मुलींचीच, हा विचार आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात आपण घातला नाही तर येत नाही. दोरीवरच्या उड्या आहेतच. सूर्यनमस्कार घालायचे असतील तर तूही बरोबर घाल, नुसती आकडे मोजत उभी राहू नकोस.

मुलीविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. या वयात मुली मैदानातून हळूहळू गळायला लागतात. कपड्यांचा संकोच असतो, पाळीची धास्ती असते, मुलगे बघतात असे वाटते, आणि त्यावर ‘चल, पळ’ हा उपाय नव्हे. तिला तिच्या वयाच्या मुलींची संगत मिळेल अशी जागा शोध. आपल्या गावात यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या व्यायामशाळा आहेत आणि मल्लखांब हा तर या जिल्ह्याचा हक्काचा विषय. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तो पुन्हा नावारूपाला आणणाऱ्या बाळंभटदादा देवधरांना ही विद्या सप्तशृंगगडावर मारुतीच्या कृपेने मिळाली, अशी आख्यायिका आहे. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब चांगला. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर पकडून वर सरकायचे, ही पहिली पकडच कित्येक दिवस जमत नाही, बोटांमध्ये लाली येते. आणि एक दिवस जमते तेव्हा मुलगी तुला न सांगता चपला घालून दाराशी उभी असते. पाळीच्या दिवसांत जायचे की नाही हे तिला ठरवू दे.

पोहणे दोघांनाही शिकव, पण ते मजेच्या खात्यात न धरता सुरक्षिततेच्या खात्यात धर, आणि गोदावरीत किंवा गंगापूर धरणाच्या काठाला नव्हे, तर जीवरक्षक असलेल्या तलावात.

‘कोणता एक खेळ निवडू?’ या तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर आहे, अजून कोणताच नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या पाण्याची टंचाई असलेल्या गावातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. सगळ्यांचे तसे होत नाही हे खरे, पण आठव्या वर्षी एकाच खेळाला जुंपले नाही तर संधी गेली, ही भीती तरी त्यावरून सोडावी. पुढे स्पर्धेची हौस वाटलीच तर एवढे माहीत असू दे की शासनाच्या शालेय स्पर्धांत प्रवेश शाळेमार्फत होतो. तुझ्या मुलांना क्लबमार्फत त्या त्या खेळाच्या संघटनेच्या वयोगटातल्या स्पर्धांची वाट धरावी लागेल. म्हणून व्यायामशाळेत नाव घालताना तिथे नोंदणी कशी होते तेही विचारून ठेव.

प्रशिक्षक ठेवायचा झाला तर पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास बाजूला बसून बघ. पदके आणि भिंतीवरचे फोटो बघू नकोस. एकच मूल नजरेत धर, शक्यतो जरा मागे पडणारे, आणि त्या तासात ते किती वेळ रांगेत नुसते उभे होते ते घड्याळ लावून मोज. निम्म्याहून जास्त वेळ उभे असेल तर तिथे घालू नकोस. चुकल्यावर त्याला कोणी हसले का आणि हसल्यावर प्रशिक्षकाने काय केले, हेही बघ. दोनतीन ठिकाणे बघून झाली की मला कळव; त्यांतल्या एखाद्या ठिकाणी माझी ओळख निघाली तर मी बोलेन, पण निवड तुम्ही तिघांनी मिळून करा.

तुझ्या,
पी.टी.च्या बाई