ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्म (स्क्रीनवरचं आवाजाचं चित्र) चुकीचा दिसतो पण आवाज बरोबर येतो, हा बग कसा कळवायचा आणि दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात?

किती दिवस ते कोणीच सांगू शकत नाही, ते सोडा. पण "आवाज बरोबर येतोय ना, मग चित्राचं काय घेऊन बसलास" असं तुम्हाला पण कोणीतरी ऐकवलं असणारच, म्हणून लिहायला बसलो. मला ते माझ्या मावसभावाने ऐकवलं. तो पुण्यात आयटीत आहे आणि दर लग्नात अजून तेच ऐकवतो.

अमळनेरला माझा छोटा स्टुडिओ आहे, अहिराणी गाण्यांचा. श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसते, त्याच्या आधी आमच्याकडे नुसती झुंबड असते. अशाच गर्दीत एका गाण्यात ढोलकीची एक थाप भलतीकडेच पडली होती, ती सिलेक्ट करून सायलेंट केली, मग वाटलं राहू द्यावी म्हणून अन्डू केलं, परत नको वाटली म्हणून रिडू. ऐकलं तर जागा एकदम शांत, आणि स्क्रीनवर थाप जशीच्या तशी उभी! झूम इन केलं की गायब, झूम आउट केलं की परत हजर. गाणाऱ्या मावशी शेजारीच बसलेल्या, त्या म्हणे, "काढी कोठे भाऊ, ती ते दिसी ऱ्हायनी!" आता त्यांना काय समजावणार.

भावाला फोन केला तर म्हणे लॅपटॉप जुना झाला, फॉरमॅट मार. मी नाही मारला. फॉरमॅट मारला की पुरावाच गेला, मग बग होता का नव्हता हे कोण ठरवणार? आणि "फक्त दिसण्याचा प्रॉब्लेम आहे" हे ज्याने आयुष्यात कधी गाणं कापलं नाही तोच बोलू शकतो. आम्ही कट डोळ्यांनी मारतो हो, कानाने नंतर तपासतो.

असं होतं कशामुळे ते बघा. १० मिनिटांचं गाणं ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची तेवढी मापं, एक माप म्हणजे एक सॅम्पल) म्हणजे २ कोटी ६४ लाख ६० हजार सॅम्पल्स, आणि स्क्रीनची रुंदी १,९२० पिक्सेल. म्हणजे एका पिक्सेलमागे पावणेचौदा हजाराच्या आसपास सॅम्पल्स. दर वेळी एवढं सगळं वाचत बसलं तर सॉफ्टवेअर रांगेल, म्हणून ते आधीच सारांश काढून ठेवतं, की या तुकड्यात सगळ्यात वरचा आकडा हा, खालचा हा. ऑडॅसिटीत असे सारांश २५६ आणि ६५,५३६ सॅम्पल्सचे असतात. झूम आउटला चित्र सारांशावरून निघतं, पुरेसं झूम इन केलं की खऱ्या सॅम्पल्सवरून. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये (नाव घेत नाही) रिडूनंतर तो सारांश जुनाच राहायचा.

सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं तर पहिलं उत्तर काय, "आमच्याकडे असं होत नाही, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा". भावाचाच भाऊ. मग मी गाणं बाजूला ठेवलं. अख्खा प्रोजेक्ट पाठवणं म्हणजे पातेलंभर भरीत पाठवून "यात खडा कुठंय ते शोधा" म्हणणं, कोण शोधणार? नवीन रिकामा प्रोजेक्ट, एक मोनो ट्रॅक, सॉफ्टवेअरमधूनच बनवलेला ४४० हर्ट्झचा १ मिनिटाचा टोन, मधला १ सेकंद सायलेंट, अन्डू, रिडू, झूम आउट. बस. तिकडच्या माणसाने हेच केलं आणि त्याच्या मशीनवर पण तेच दिसलं, मग ड्रायव्हरचं नाव कोणी काढलं नाही.

तुम्ही पण तसंच करा. सॉफ्टवेअरचं पूर्ण व्हर्जन, विंडोजचं व्हर्जन, डिस्प्ले स्केलिंग, म्हणजे विंडोज स्क्रीनवरचं सगळं किती मोठं करून दाखवतं ते, किती टक्के आहे (लॅपटॉपला बऱ्याचदा १२५ असतं, आणि चित्राचे काही घोळ तिथूनही होतात), सॅम्पल रेट, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं. स्क्रीनशॉट दोन, झूम इन आणि झूम आउटचा, मोबाईलने काढलेला तिरपा फोटो नको. वेव फाईल एक्स्पोर्ट करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, तिथे बरोबर दिसली तर डेटा ठीक आहे आणि गडबड फक्त चित्रात आहे हे पक्कं झालं, तेही लिहा. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, स्टेप्सना व्याकरण लागत नाही.

हां, एक राहिलं. काही सॉफ्टवेअर हा सारांश वेगळ्या फाईलमध्ये ठेवतात, रीपरची ती रीपीक्स फाईल, ऑडिशनची पीकेएफ. कधी कधी तीच खराब झालेली असते, काढून टाकली की नवीन बनते आणि चित्र सुधारतं, गाण्याला काही होत नाही. पण उडवायच्या आधी कॉपी ठेवा, नाहीतर रिपोर्टला काय जोडाल? आणि क्रॅक व्हर्जन वापरत असाल तर रिपोर्टच्या भानगडीत पडू नका, तिथे आमच्या भावाचं म्हणणं बरोबर ठरेल आणि ते मला चालणार नाही.