वाचकांचे प्रश्न: शेती चालू होती, मग माल सडला कसा?

प्रश्न: आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेतीला सूट होती म्हणतात, मग आमचा माल बागेतच का राहिला? आणि त्याच वेळी माझी ठाण्याची बहीण फोनवर म्हणायची की इथे फळं-भाजी मिळत नाही, मिळाली तर महाग. हे एकाच वेळी कसं काय? (एक वाचक, जि. नाशिक)

उत्तर: ताई, तुमचंही खरं आणि बहिणीचंही खरं. २४ मार्चला रात्री घोषणा झाली, मध्यरात्रीपासून सगळं बंद, आणि शेतातली कामं, बाजार समित्या यांना केंद्राची स्पष्ट सूट आली ती २७ तारखेला. पण कागदावर सूट आली म्हणून माणसं हजर होतात का? तुमच्याकडे द्राक्ष काढायला पेठ-सुरगाण्याकडून माणसं येतात, ती घरी निघून गेली किंवा वाटेत अडकली, पॅकिंगवाले गेले, पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारे बंद, गाड्यांना परवानगी होती पण ढाबे बंद, पंक्चरवाले बंद, आणि माल उतरवून परत येताना भरायला काही नाही कारण कारखानेच बंद, म्हणजे जायचं-यायचं दोन्ही भाडं तुमच्याच द्राक्षांवर. आणि शेवटी गाडी पोचली तरी उतरवायला हमाल पाहिजे ना. मुंबईला भाजी-फळं पुरवणारं वाशीचं घाऊक मार्केट तर कोरोनाचे पेशंट वाढले म्हणून ११ ते १७ मे पूर्ण बंद ठेवावं लागलं. म्हणजे बागही होती आणि खाणाराही होता, मधली माणसं नव्हती. त्यांची आठवण एरवी कोणी काढत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे, आपण घरात जेवढं खातो तेवढंच शहर खातं असं नाही. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं, लग्नं, हे सगळं एका रात्रीत थांबलं. याचा सगळ्यात मोठा फटका दुधाला बसला कारण गाय रोज दोन वेळा पिळावीच लागते, द्राक्ष निदान चार दिवस वेलीवर राहतात. राज्य सरकारने एप्रिलमध्ये रोज १० लाख लिटर जादा दूध २५ रुपये लिटरने घेऊन पावडर करायचं ठरवलं, चांगलं केलं, पण सगळ्यांचं दूध त्यात बसलं नाही, आणि जुलैमध्ये भावासाठी आंदोलन झालं तेव्हा रस्त्यावर दूध ओतलं गेलं.

ज्यांच्याकडे द्राक्षं वाळवायला रॅक आणि शेड होतं त्यांनी बेदाणा केला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, पैसे कमी आणि उशिरा, पण माल हातात तरी राहिला. म्हणून माझा आग्रह आहे की सगळी बाग ताज्या विक्रीच्या भरवशावर ठेवू नका, चार-पाच जणांनी मिळून शेड करा. शेतमाल नेणारी खास गाडी, किसान रेल, पण आली पण ७ ऑगस्टला (पहिली देवळालीहून दानापूरला), तोपर्यंत द्राक्षाचा सीझन कधीच संपला होता.

प्रश्न: तेव्हा चिकनबद्दल अफवा होती, मग आमच्या मक्याचा भाव का पडला? (एक शेतकरी, सिल्लोड)

उत्तर: दादा, कोंबडीच्या खाद्यात सगळ्यात जास्त मकाच असतो. चिकन खाल्लं की कोरोना होतो असं व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं ते लॉकडाऊनच्याही आधी, फेब्रुवारीतच. लोकांनी चिकन सोडलं, पोल्ट्रीवाल्यांनी नवीन पिल्लं टाकणं थांबवलं, पिल्लं नाहीत म्हणजे खाद्य नको, खाद्य नको म्हणजे मका नको, आणि त्यात स्टार्चचे कारखाने पण थंडावले. हमीभाव तेव्हा १७६० रुपये क्विंटल होता आणि व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होते. सरकारी खरेदी केंद्रावर घालावा म्हटलं तर तिथे रांगा आणि बारदानाची ओढाताण, कारण गोण्या बनवणाऱ्या तागाच्या गिरण्या बहुतेक बंगालमध्ये आणि लॉकडाऊनमध्ये त्याही बंद पडलेल्या.