‘ग्राफिक’ एवढंच ऐकू येणारं गणित

प्रश्न: मी शाळेत गणित शिकवते. नोट्स वर्डमध्ये टाइप करते, समीकरणांचे स्क्रीनशॉट काढते आणि ते वेबपानावर टाकते. यंदा वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, प्रत्येक समीकरणापाशी ‘ग्राफिक’ म्हणून पुढे जातो. प्रत्येक चित्राला वर्णन जोडलं तर भागेल का?

उत्तर: अगदीच काही नसण्यापेक्षा बरं, पण तुम्ही दमाल आणि त्याचं भागणार नाही. मीही दिवसभर स्क्रीन रीडरवरच वाचते, म्हणून सांगते. ‘वर्गमूळ एक्स अधिक एक’ असं तुम्ही लिहिलंत. आता हा ‘अधिक एक’ वर्गमूळाच्या आत की बाहेर? एक्स ३ असेल तर आत धरून उत्तर २, बाहेर धरून सुमारे २.७३. शब्द कितीही काटेकोर लिहिले, तरी लांबलचक सूत्र एका दमात कानावर आदळतं. तुम्ही छेदाकडे पुन्हा नुसती नजर टाकता. त्याला मात्र सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं.

त्यासाठी मॅथएमएल वापरा. ही वेबवर गणित लिहायची भाषा १९९८पासून प्रमाण आहे. फायरफॉक्स आणि सफारीत ती बरीच वर्षं चालते. क्रोमने मात्र २०२३ उजाडेपर्यंत ताटकळत ठेवलं. तिच्यात अंश, छेद, घात हे सगळे वेगवेगळे भाग म्हणून नोंदलेले असतात. मी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, गणित बोलून दाखवणाऱ्या मॅथकॅट या साधनासह वापरते. समीकरणावर एंटर दाबायचं, खालच्या बाणाने आत शिरायचं, उजव्या बाणाने अंशावरून छेदावर जायचं, एस्केपने बाहेर. हवा तो तुकडा हवा तितक्या वेळा ऐकता येतो. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे मजकूर ब्रेलच्या उठावदार टिंबांत दाखवणारं उपकरण, असेल तर तेच समीकरण नेमेथ ब्रेल या गणितासाठीच्या ब्रेल पद्धतीत बोटांखाली येतं. ती पद्धत अब्राहम नेमेथ या दृष्टिहीन गणितज्ञानेच तयार केली.

तुमचं कामही वाढत नाही. समीकरणं वर्डच्या इक्वेशन एडिटरमध्येच लिहा आणि पॅनडॉक या मोफत साधनाने, मॅथएमएलचा पर्याय देऊन, फाइलचं वेबपान करून घ्या. साध्या मजकुरात आकडा वर चढवून वर्ग दाखवू नका. पुष्कळदा तो नुसता ‘एक्स दोन’ असा वाचला जातो. वजाच्या जागी कीबोर्डवरची आडवी रेघ दिलीत तर ती कधी कधी गाळलीच जाते आणि उणे पाचाचे सरळ पाच होतात. बिचारा पोरगा मग चूक शोधत बसतो, तीही स्वतःच्या आकडेमोडीत!

वर्णन लागतं ते भूमितीच्या आकृत्यांना. तिथे नुसतं ‘त्रिकोणाची आकृती’ लिहून उपयोग नाही. शिरोबिंदूंची नावं, दिलेल्या बाजूंची मापं, काटकोन कुठे आहे, हे लिहा. फक्त जी बाजू काढायला सांगितली आहे, तिचं माप वर्णनात देऊन टाकू नका.