अंतराळात यान लपवता येईल का?

तुम्ही विचारलंय की अंतराळात सगळा काळोखच आहे, मग यानाला काळा रंग दिला, रेडिओ बंद ठेवला, तर ते कुणाला न दिसता जाऊ शकेल का. माझ्या मते थोडा वेळ जाईल, फार काळ नाही. रंगाचं कसंही जमवता येईल, घात करते ती उष्णता.

मी सोलापुरात एसी-फ्रिज दुरुस्त करतो. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की फोन थांबत नाही, आणि कितीतरी घरांत दुखणं एकच असतं: बाहेरच्या युनिटची जाळी बुजलेली. यंत्रमागाच्या भागात तर सुताच्या तंतूंचा अक्षरशः नमदा बसलेला असतो, ब्रशने खरवडून काढावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, "गॅस संपला असेल, मिस्त्री." गॅस भरलेला असतो. एसी गारवा तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. टाकायची वाटच बंद झाली की कंप्रेसर तापून ट्रिप होतो.

यानाचंही तेच. आत माणसं, बॅटऱ्या, कॉम्प्युटर. सगळ्यांची उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. पण बाहेर हवा नाही. यान म्हणजे थर्मासच्या आतली बाटली. मग उष्णता जाते ती फक्त किरणांच्या रूपात, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर यासाठी मोठाले पांढरे रेडिएटर पसरलेत आणि त्यांच्या नळ्यांतून अमोनिया फिरतो. आपल्याकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये असतो तोच अमोनिया! हे वाचलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आता आकडा बघा. २० अंश तापमानाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग जवळपास ४०० वॅट उष्णता फेकतो. मागचं आकाश मात्र उणे २७० अंश. अवरक्त दुर्बिणीला असं यान म्हणजे अमावस्येच्या रात्री माळावर पेटवलेली शेकोटी.

"मग उष्णता आतच साठवू," असं तुमच्या मनात येईल. त्याचा हिशोब आमच्या धंद्यातच आहे. दीड टनाचा एसी म्हणतो, तो टन कुठला? एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन. साधारण साडेतीन किलोवॅट. यानात १० किलोवॅटची उष्णता तयार होत असेल तर टनभर बर्फ आठ-नऊ तासांत संपला. मंगळाच्या सहा-सात महिन्यांच्या वाटेला पाचशे टनांच्या आसपास बर्फ लागेल, आणि तेवढं वजन ढकलायला जे इंजिन पेटवाल ते तर लांबूनच दिसेल.

सगळं बंद ठेवलं तरी सूर्य सोडत नाही. पृथ्वीइतक्या अंतरावर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १३६० वॅट ऊन पडतं, त्यानेच यान तापून चमकत राहतं. एक बाजू मात्र गार ठेवता येते. अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या पाच पदरी छत्रीची उन्हाकडची बाजू ८० अंशांच्या पुढे तापते, सावलीतली उणे २३० च्या खाली जाते. म्हणजे बघणारा एकाच दिशेला असेल आणि तो नेमका कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर त्याच्याकडे गार पाठ करता येईल. बघणारे चार ठिकाणी असले की संपलं.

मागे एका संध्याकाळी गच्चीवरून पुतणीला अवकाश स्थानक दाखवत होतो. पश्चिमेकडून वर चढलं, डोक्यावरून पुढे गेलं आणि पूर्वेला उतरता उतरता लालसर होऊन विझलं. ती म्हणाली, "काका, लपलं!" म्हटलं, लपलं नाही गं, पृथ्वीच्या सावलीत गेलं. त्याचे रेडिएटर तेव्हाही उष्णता फेकतच होते, आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही एवढंच.

दुसरी बाजूही खरी आहे: कुणी तिकडे बघतच नसेल तर काहीही निसटतं. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने आला आणि आधी कुणालाच दिसला नाही. कधी दिसूनही ओळख पटत नाही. २००७ मध्ये पृथ्वीजवळून जाणाऱ्या रोझेटा यानाची नोंद चक्क लघुग्रह म्हणून झाली होती, चूक कळल्यावर ती काढली. तुम्हाला यान लपवायचंच असेल तर मी हीच वाट सुचवेन: दगडासारखं दिसा आणि इंजिन पेटवू नका.

तरी शोधणाऱ्याला जागेचा अंदाज असला तर तेही टिकत नाही. आपल्या चांद्रयान-१ चा संपर्क ऑगस्ट २००९ मध्ये तुटला. जेमतेम दीड मीटर बाजूचं, बंद पडलेलं, एक शब्द न बोलणारं यान. २०१६ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या ७० मीटरच्या अँटेनातून चंद्राच्या ध्रुवाकडे सूक्ष्मलहरी सोडल्या, परतलेला प्रतिध्वनी अमेरिकेतल्याच ग्रीन बँक गावच्या १०० मीटरच्या रेडिओ दुर्बिणीने टिपला, आणि पावणेचार लाख किलोमीटरवर ते अजून चंद्राभोवती फिरताना सापडलं.