गाडीचं दुखणं : पावसाळाभर फोर-बाय-फोर टाकून ठेवू का?

प्रश्न : काका, मी पाटण तालुक्यातला. गेल्या दिवाळीत जुनी फोर-बाय-फोर पिकअप घेतली. वाडीपासून डांबरीपर्यंत ३ किलोमीटर तांबड्या मातीचा रस्ता, मध्ये एक ओढा आणि त्याचा उभा उतार. पुढं पाटणपर्यंत डांबरी. सकाळी दुधाचे कॅन घेऊन जातो, येताना गाडी रिकामी. मित्र म्हणतो, जूनमध्ये ४एच (चारही चाकांना जोर) टाक आणि दसऱ्याला काढ, गाडी घसरणारच नाही. थोरला भाऊ म्हणतो, त्या फोर-व्हीलच्या दांडीला हात लावू नको, गिअर खाते. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. मित्राचं ऐकलंत तर खर्च लवकर येईल, भावाचं ऐकलंत तर ओढ्यात रुताल, एवढाच फरक.

मळणीची पात ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. तिवड्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, बैल जागच्या जागी पाय टाकतो आणि कडेच्याला पळावं लागतं. वळणावर गाडीच्या चाकांचं तेच होतं. डाव्या-उजव्या चाकांना कमी-जास्त फिरायची सवलत डिफरन्शियल देतं. पण पुढचा ॲक्सलही मागच्यापेक्षा मोठा वळसा घेतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ओल्या अंगणात गाडी गोल फिरवा आणि खाली उतरून ठसे बघा. ३ मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये तेवढं अंतर असलेली, गाडी घ्या. तिचा मागचा ॲक्सल ६ मीटरच्या त्रिज्येवर अर्धं वर्तुळ फिरला तर तो साधारण १९ मीटर चालतो आणि पुढचा २१ मीटर. दोन-सव्वादोन मीटरचा फरक, म्हणजे टायरचा जवळपास एक फेरा.

तुमच्या गाडीत ४एच टाकलं की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) पुढच्या ॲक्सलकडं जोर नेणारा शाफ्ट मागच्या शाफ्टला जखडून टाकते. दोघांच्या मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणून तर याला पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती वापरायची, फोर-व्हील म्हणतात. मग तो एक फेरा कुठं जायचा? चिखलात टायर जरासा घसरतो आणि हिशोब मिटतो, तुम्हाला कळतही नाही. कोरड्या डांबरावर टायर सोडत नाही, आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या आत साठत जातो. दांडी टाकायच्या आधी एवढंच बघायचं, की खाली चाकाला घसरायला जागा आहे का.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गॅरेज टाकायच्या आधी एका गिऱ्हाइकाची जीप घेऊन साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. धुकं, पाऊस, गुडघाभर चिखल, म्हणून फोर-व्हील टाकली आणि काढायची विसरलो. ठोसेघर, सज्जनगडाचा फाटा करत खाली आलो तोवर ऊन पडलेलं, रस्ता खडखडीत. बोगद्यातून बाहेर पडून समर्थ मंदिरापाशी वळवायला गेलो तर स्टिअरिंग दगडासारखं. गाडी अशी अडखळायला लागली, जणू कुणी हँडब्रेक ओढून धरलाय. दांडी काही निघेना. मी दोन्ही हातांनी ओढतोय आणि रिक्षावाले हसतायत. शेवटी आमच्या उस्तादांना बोलावलं. त्यांनी दांडीला हातसुद्धा लावला नाही. स्टिअरिंग सरळ केलं, गाडी दहा-बारा फूट सरळ मागं घेतली. पीळ सुटला आणि दांडी दोन बोटांनी निघाली. क्रॉस वाचला, माझी लाज तेवढी गेली. तुमची दांडी कधी अशी अडकली तर जोर करू नका, हेच करा.

आता तुमचा रस्ता. वाडीतून निघतानाच ४एच टाका. रुतल्यावर टाकणारे फार भेटतात. चाकानं खड्डा पाडून घेतल्यावर तीच फोर-व्हील निम्मं काम करते. ओढ्याच्या उताराला गाडी उभी करून, क्लच दाबून, न्यूट्रल करून ४एल (फोर-व्हीलचाच सावकाश गिअर) टाका. त्यात जोर साधारण अडीच पट होतो आणि वेग तेवढाच उतरतो. पहिल्या गिअरमध्ये सोडा, क्लचवर पाय नको, ब्रेकवर तर नकोच. इंजिनच गाडी धरून ठेवतं. पलीकडचा चढ चढलात की परत ४एच, आणि डांबरीला चाक लागायच्या आधी २एच, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांना जोर.

ओल्या डांबरावर काय, असं पुढचं पत्र येईल म्हणून आत्ताच सांगतो. नुसता ओला डांबरी रस्ता बऱ्यापैकी धरतो, तिथं २एचच ठेवा आणि वेग कमी करा. दरडीची माती रस्त्यावर वाहून आली असेल किंवा ट्रॅक्टरनं चिखल पसरला असेल तर तेवढ्या पट्ट्यात ४एच टाकायला हरकत नाही. पण थांबण्याच्या कामात फोर-व्हीलचा काही उपयोग नाही. ब्रेक चारही चाकांना तसाही लागतोच, गाडी आहे तेवढ्याच अंतरात थांबते. फोर-व्हील आहे म्हणून घाटात दामटणारे मी बरेच ओढून आणलेत. तुमची खरी अडचण परतीची आहे. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं, ते ओल्यात नाचतं. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर वाळूची दोन-तीन पोती टाका आणि नीट बांधा. हा उपाय ४एचपेक्षा स्वस्त आहे.

आणि टायर बघा. बरेच पिकअपवाले मागची जोडी नवी घालतात आणि पुढं झिजलेली चालवतात. नव्या-जुन्याच्या व्यासात सेंटिमीटरभर फरक पडला की फोर-व्हीलमध्ये सरळ रस्त्यावरही तोच पीळ बसतो. भावाला सांगा, दांडी अजिबात न वापरल्यानंही जाम होते. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर ४एच फिरवा, आतलं ऑइल सगळीकडं लागतं.

प्रश्न : वाळवा तालुक्यात ऊस आहे. तोड चालू असताना काळ्या रानात पिकअप रुतली. ४एल टाकूनही पुढचं एक आणि मागचं एकच चाक फिरत राहिलं. फोर-व्हील बिघडली का?

उत्तर : नाही, ठीक आहे. दोन्ही ॲक्सलमधली डिफरन्शियल साधी असतील तर ज्या चाकाला पकड नाही तेच फिरतं, पुढं एक आणि मागं एक. शिवाय काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते, मग नवा टायरही गोटा होतो. ॲक्सीलेटर सोडा. जेवढा दाबाल तेवढी गाडी खाली जाईल. खोरं घेऊन चाकापुढची माती काढा, उसाचं पाचट भरपूर कोंबा, फांद्या मिळाल्या तर त्याही, आणि ४एलच्या दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. पहिल्यात चाक लगेच गरकन फिरतं. ॲक्सल मातीला टेकला असेल तर ट्रॅक्टर बोलवा, त्यात कमीपणा नाही.

तुम्ही चिठ्ठीच्या मागं लिहिलंय, कृष्णेचं पाणी रस्त्यावर आलं तर ४एल टाकून काढू का. नाही. दोन फूट वाहतं पाणी पिकअप उचलतं, चारही चाकं फिरत असली तरी. साचलेल्या पाण्यातून काढली असेल तर दुसऱ्या दिवशी दोन्ही ॲक्सलच्या हौसिंगचं (डिफरन्शियलच्या डब्याचं) आणि ट्रान्सफर केसचं ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर घेऊ नका.